ओट्याखालची पायरी

फार जुन्या काळची गोष्ट. एका टेकडीभोवती एक गाव वसलं होतं आणि त्या गावात चालणं कमीपणाचं समजत. शेजारी विरजण मागायलासुद्धा माणसं बैलगाडीतून जात. ओटे गाडीच्या उंचीचे बांधलेले. ओट्यावरून थेट गाडीत पाऊल टाकायचं. पायऱ्या कुणाच्याच घराला नव्हत्या. हव्यात कशाला?

या गावात एक शेठाणी राहायची. तिची एकुलती लेक टेकडीपलीकडच्या आळीत दिलेली. गाडीवाट टेकडीला मोठा वळसा घालून जाई, जाण्यायेण्यात अख्खा दिवस मोडे. त्यामुळे मायलेकी सणासुदीलाच भेटत. लेक फार लांब दिली, असं शेठाणी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

एका सकाळी लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाने जाता जाता निरोप दिला, की लेक तापाने फणफणली आहे आणि सारखी आईला हाक मारते आहे. शेठाणीने गाडी जुंपायला सांगितली आणि नेमकं तेव्हाच चाक मोडलं. गावातल्या बाकीच्या गाड्या लग्नाला गेलेल्या. सुतारही लग्नाला. शेठाणी ओट्यावर बसून रडू लागली.

जू उतरवलेला म्हातारा बैल म्हणाला, "बाई, मोडली ती गाडी. तुमचे पाय धड आहेत ना?"

"इतक्या लांब चालत जाऊ?"

"लांब ते गाडीला. आम्ही रोज टेकडीवर चरायला जातो. पलीकडे उतरलं की तुमच्या लेकीचं परसच लागतं. भोपळ्याचा वेल खाल्ला म्हणून तिने मला कितीदा हाकललंय."

शेठाणीने पदर खोचला आणि ओट्यावरून खाली उडी टाकली. गुडघे कुरकुरले, तळव्यात काटा मोडला, पण बैलामागून ती चढत राहिली. ऊन तापायच्या आत तिचा हात लेकीच्या कपाळावर होता. आईच्या हातचा काढा पोटात गेला, उशाशी आई बसून राहिली आणि संध्याकाळी ताप उतरला.

तेव्हा मात्र शेठाणीला रडू आवरेना. इतकी वर्षं लेक एवढ्या जवळ होती आणि तिला ते ठाऊकच नव्हतं.

घरी परतल्यावर तिने ओट्याखाली दगडाची एक पायरी बसवून घेतली. गाव आधी हसलं. मग रोज संध्याकाळी मायलेकी टेकडीवर बोलत बसलेल्या दिसू लागल्या आणि हळूहळू घरोघरी पायऱ्या आल्या. गाड्या राहिल्या त्या धान्याच्या पोत्यांसाठी आणि थकल्याभागल्यांसाठी. बैल खूश होते.

बोध: वाहनावाचून ज्याचं पाऊल उचलत नाही, त्याला जवळची माणसंही लांबची होतात.