पंपदादा रुसले तेव्हा

पेशींना भिंगाखाली कुणी पाहिलंही नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका पेशीच्या पातळ पडद्यात खिडकीताई आणि पंपदादा शेजारी राहत. आत शिरलेलं मीठ पंपदादा बाहेर ढकलत आणि त्यासाठी सतत साखर खात.

"केवढं खाता हो दादा!" खिडकीताई हसली. "मी नुसती उघडते, मीठ आपणहून आत येतं. फुकटात!"

"बाहेर मिठाची गर्दी आहे, म्हणून येतं गं. गर्दीत परत ढकलायला जोर लागतो."

"मग नका ढकलू!"

पंपदादा रुसून बसले. मीठ साचलं, त्याच्यामागून पाणी घुसलं, पेशी फुटायला आली. मीठ बाहेर जावं म्हणून घाबरलेली खिडकीताई सताड उघडली, तर आणखीच आत आलं!

"दादा, उठा ना हो!"

"ताई, जरा मिटतेस का?" म्हणत पंपदादा कामाला लागले.

आयुष्यात पहिल्यांदाच खिडकीताई एक शब्दही न बोलता मिटली.