कातळावरचं रान

त्या रानात लढाई कुणीच पाहिली नव्हती, आणि लढाईची तयारी मात्र कधी संपत नव्हती.

नदीपलीकडून कुणीतरी येणार आहे आणि हे रान आपल्याकडून हिसकावून घेणार आहे, एवढं प्रत्येक पिलाला त्याचे डोळे उघडायच्या आधीच सांगितलं जाई. तो कुणीतरी कोण, हे सांगणाऱ्यागणिक बदलत असे. त्याच्या येण्याबद्दल मात्र कुणालाच शंका नव्हती. म्हणून रानातली वडीलधारी पाखरं रोज ऊन चढलं की डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या रुंद काळ्या कातळावर जमत. तिथे अख्खं रान लहान करून मांडलेलं होतं. नदीच्या जागी सापाची कात, डोंगराच्या जागी वारुळाची माती. आपलं सैन्य म्हणजे लाल गुंजा आणि त्यांचं सैन्य म्हणजे राखाडी गजगे. गजगे मुद्दाम मोठे निवडलेले होते, कारण शत्रू जितका मोठा तितकं वडीलधाऱ्यांचं काम मोठं. फोडलेले चिंचोके फेकायचे, दान पडेल तितकं सैन्य सरकवायचं, आणि मग दिवस कलेपर्यंत भांडायचं.

भांडण बहुतेक एकाच गोष्टीवरून होई. पटाचा नियम असा होता, की झाडाआड असलेल्या सैनिकाला मारता येत नाही. तो आड आहे की नाही, हे ठरवायला कातळाला डोळा टेकवून बघायचं. दिसला तर मेला, नाही दिसला तर वाचला. पण पटावरची झाडं म्हणजे मातीत खोचलेल्या वाळक्या काड्या. काडीआड गुंज काय लपणार?

"ही काय झाडं आहेत?" ढोकबाबा म्हणत. ते करकोच्याच्या जातीचे, सगळ्यांत उंच होते, त्यामुळे सगळ्यांत शहाणे मानले जात. "अशा रानात आपण लढायचं?"

शेजारी घुबडआप्पा बसलेले असत. ते दिवसभर झोपत, आणि त्यांचं मत बाबांच्या बाजूनं धरलं जाई.

कातळासमोरचा खरा डोंगर दोन उन्हाळ्यांपूर्वी वणव्यात जळून गेला होता. पटावर तो कुणी जाळला नव्हता, कारण पुढच्या लढाईत तो लागणार होता. खऱ्या डोंगरावर आता कुठे बोटभर उंचीची रोपं वर येऊ लागली होती.

या कातळावर झुकलेल्या फांदीवर बारकी नावाची, पानं शिवून घरटं करणारी एक तरुण शिंपीण रोज येऊन बसे. तिला सगळे डाव पाठ होते. कुठला डाव कुणाच्या चुकीनं हरला, तेही ती सांगू शकली असती. पण कातळावर उतरायचा हक्क तरुणांना नव्हता. एकदा ती उतरली होती. "सैन्य उलट्या काठावर उभं केलंय," एवढंच म्हणाली होती. बाबांनी तिच्याकडे न बघता म्हटलं होतं, "पोरी, शेपूट सांभाळ, सैनिक पडतील." कातळभर हसू पसरलं होतं. झोपेतले आप्पासुद्धा हसले होते.

त्या दिवशी बारकीनं मनाशी ठरवलं, की या कातळावर जागा मिळवायची. ती मिळाली की मग यांना चार गोष्टी ऐकवता येतील.

जागा मिळवायची वाट तिला डोंगरावरच सापडली. पावसानं भिजलेल्या मातीतून तिनं एक रोप सहज ओढलं. ते मुळासकट वर आलं आणि तिच्या चोचीत उलटं लोंबकळू लागलं. बारकी बघतच राहिली. मूळ म्हणजे हुबेहूब झाड होतं. एक खोड, त्याला फुटलेल्या फांद्या, त्यांना आणखी फांद्या, आणि टोकांना केसांहून बारीक डहाळ्या. कुणी कितीही काड्या बांधल्या असत्या तरी असं झाड झालं नसतं.

तिनं रोपाची पानं छाटून टाकली. मूळ सावलीत टांगून वाळवलं, बाभळीच्या डिंकात बुडवलं, वाळक्या शेवाळाच्या भुकटीत घोळवलं आणि मेणाच्या गोळीवर मुळं वर करून उभं केलं. दुसऱ्या दिवशी तिनं ते पटावरच्या डोंगरावर ठेवलं.

सगळी पाखरं जवळ सरकली. ढोकबाबांनी आपली लांब मान वाकवली, कातळाला डोळा टेकवला आणि बराच वेळ तसेच राहिले.

"गुंज दिसत नाही," ते म्हणाले. मग मान वर करून म्हणाले, "याला म्हणतात झाड."

बारकीला कातळाच्या कडेला जागा मिळाली. "बस हं इथे," बाबा म्हणाले. "बोलायचं नंतर बघू. आधी पश्चिमेला दहा-वीस झाडं हवीत."

पश्चिमेला झाडं झाली, तर पूर्वेच्या बाजूनं खेळणारे रुसले. मग पूर्वेला झाली. नदीकाठ मोकळा वाटू लागला. प्रत्येकाला आपापल्या कोपऱ्यात दाट रान हवं होतं आणि प्रत्येकजण म्हणे, "बारकी, तुझ्याच चोचीचं हवं बरं का." हे वाक्य ऐकलं की बारकीला पिसांखाली ऊब वाटे. एकटीला काम पुरेना, तेव्हा तिनं मुनियांच्या थव्याला शिकवलं. ती चांगली शिकवायची. बुंध्याशी धरा, घाई करू नका, मूळ तुटता कामा नये. आणि पानं छाटताना बघत बसू नका. पानांकडे बघितलं की चोच थांबते.

हे शेवटचं तिनं का सांगितलं, याचा विचार तेव्हा तिनं केला नाही.

कलगी नावाची बुलबुल तिची लहानपणापासूनची मैत्रीण. कलगी दिवसभर उंबरं खायची आणि जळक्या डोंगरावर हिंडायची.

"काय गं सरदारीणबाई," कलगी एकदा म्हणाली, "मी खाऊन खाऊन बिया टाकत्ये आणि तू मागून येऊन उपटत्येस. माझ्या पोटाचा तरी विचार कर."

"रान वाचवायचंय कलगे. थोडी रोपं गेली तर काय होतंय? पुन्हा येतील."

"कुणासाठी वाचवायचंय?"

"म्हणजे काय? आपल्यासाठी."

"बोललीस का मग तू कातळावर, त्या उलट्या काठाचं?"

बारकीनं चोच फांदीला घासली. "अजून वेळ आली नाही," ती म्हणाली. कलगीनं पुढे काही विचारलं नाही, आणि तेच बारकीला जास्त लागलं.

पुढच्या वर्षी घरटी बांधायचे दिवस आले. बारकीच्या पोटात अंडं धरलं. शिंपिणीचं घरटं उंच झाडावर होत नाही. जमिनीलगतच्या कोवळ्या रोपाचं रुंद पान लागतं, चोच सहज आरपार जाईल असं, आणि ते जिवंत लागतं. तुटलेलं पान वाळतं, आक्रसतं, आणि टाके फाडून उघडतं. बारकी पान शोधायला डोंगरावर गेली.

डोंगरावर खड्डे होते. बोटभर खोल, गोल, नीट. ती एकेका खड्ड्याजवळ थांबत गेली. हा पश्चिमेच्या रांगेचा. हा नदीकाठच्या वाकड्या झाडाचा, ज्याला बाबांनी दोनदा शाबासकी दिली होती. हा मुनियांचा पहिला, थोडा फाटलेला. तिला एकही खड्डा अनोळखी नव्हता. खड्ड्यांच्या कडेला छाटलेली पानं वाळून मातीला चिकटली होती. कितीतरी रुंद होती. कलगी वरून उडत गेली तेव्हा बारकी एका दगडाच्या आड सरकली. आपल्याला कुणी इथे बघू नये, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

ती थेट कातळावर गेली आणि कडेला न थांबता मधोमध उतरली.

"बाबा, डोंगरावर रोप उरलेलं नाही."

"कुठल्या?" ढोकबाबांनी पटावरच्या डोंगराकडे बघितलं. "चांगला दाट तर आहे."

"तो नाही. खरा."

"अगं, तो वाचवायचा म्हणूनच तर एवढं चाललंय सगळं."

बारकीनं पटावरच्या झाडांकडे चोच केली. "ही झाडं उलटी आहेत," ती म्हणाली. "मुळं वर आहेत यांची. मी उपटून आणलीत. सगळी मीच."

वडीलधारी पाखरं एकमेकांकडे बघू लागली. घुबडआप्पांनी कित्येक दिवसांनी एक डोळा उघडला. "शत्रूला कळतं का ते?" त्यांनी विचारलं.

"नाही," बारकी म्हणाली.

"मग झालं." आणि डोळा मिटला.

"तुला थकवा आलाय," ढोकबाबा मायेनं म्हणाले. "एक शेवटचं झाड हवंय, सेनापतीच्या टेकडीवर. ते झालं की तुला बोलायची जागा देऊ. बोल मग काय बोलायचं ते. आम्ही कधी नाही म्हटलंय का?"

बारकी उडाली. हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

पान तिला कलगीनं दाखवलं. ओढ्याच्या वळणावर, खडकाच्या फटीत, उंबराचं एक रोप उभं होतं. दोन रुंद पानं आणि वर शेंडा.

"तुझ्यापासून लपवलं होतं," कलगी म्हणाली. "खरं सांगत्ये, आजही दाखवणार नव्हते. पण तुझं पोट दिसलं."

बारकीला तिच्या डोळ्यांत बघवेना. तिनं कोळ्याच्या जाळ्याचा धागा आणला, सावरीचा कापूस आणला, आणि दोन्ही पानांच्या कडा एकमेकींना शिवल्या. प्रत्येक टाक्याला तिनं रोपाची मनातल्या मनात क्षमा मागितली. खालची पहिली गाठ तिनं कापूस वळून खोडाभोवती घेतली, घरटं हलू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी आत अंडं होतं.

त्याच सकाळी कातळावरून बोलावणं आलं. सेनापतीच्या टेकडीवरचं झाड तयार आहे, बारकीनं येऊन जागा घ्यावी. झाड तयार कसं झालं, हे तिच्या डोक्यात आलं नाही. तिच्या डोक्यात होतं, की आज बोलायचं. ओढ्याचं रोप वाचवायचं असेल तर आजच. अंड्यावर कापूस ओढून ती निघाली आणि लांबच्या बाजूनं गेली, कुणाला वाट कळू नये म्हणून. एका मोरानं तिला वाटेत थांबवून जागेबद्दल अभिनंदन केलं, आणि त्याचं अभिनंदन लवकर संपलं नाही.

ती पोचली तेव्हा कातळावर लढाईच्या आधीची शांतता होती. सेनापतीच्या टेकडीवर सकाळी कुणीतरी वेगळंच, जुनं झाड ठेवलेलं होतं. आता ते काढून घाईघाईनं आणलेलं दुसरं बसवत होते. त्याचं मूळ ओलंच होतं. डिंक सुकला नव्हता.

"जुनं शोभत नव्हतं सेनापतीला," ढोकबाबा म्हणाले. "पोरांनी आत्ता धावत जाऊन ताजं आणलं. बघ, अगदी तुझ्याच चोचीचं वाटतंय."

बारकीनं बघितलं. काम खरंच उत्तम होतं. एकही मूळ तुटलेलं नव्हतं. आणि मेणाच्या थोडं वर, खोडाभोवती, सावरीच्या कापसाची एक बारीक गाठ होती.

"पानं?" तिनं मुनियांना विचारलं.

"टाकली," मुनियांतली थोरली म्हणाली. "छाटून, तू शिकवलंस तशीच."

"पानांत काही होतं का?"

मुनिया गोंधळल्या. "जड होती जरा," धाकटी म्हणाली. "आम्ही बघितलं नाही. बघायचं नाही असं तूच सांगितलंस ना, ताई?"

"बारकी, ये, बस," ढोकबाबा म्हणाले. "ही तुझी जागा. बोल आता, काय म्हणत होतीस त्या दिवशी?"

सगळ्यांनी तिच्याकडे तोंड केलं. बारकी आपल्या जागेवर उभी राहिली. चोच उघडली, आणि तिच्यातून काहीच बाहेर आलं नाही. जे बोलायचं होतं ते सगळं पटावर उभं होतं, रांगेनं, तिच्याच चोचीचं.

"लाजते आहे," बाबा म्हणाले आणि सगळे कौतुकानं हसले. "बरं, नंतर बोल." चिंचोके पडले. गजगे पुढे आले. सेनापतीची गुंज दिसते का, हे ठरवायला ढोकबाबांनी मान वाकवून डोळा कातळाला टेकवला. नियमाप्रमाणे बारकीलाही टेकवावा लागला. आता ती कातळावरची होती.

तिथून गुंज दिसत नव्हती. मागचा जळका डोंगरही दिसत नव्हता, आणि एकही खड्डा दिसत नव्हता. इथून तिथपर्यंत फक्त रान होतं, हिरवं आणि गच्च, असं तिनं लहानपणीसुद्धा पाहिलं नव्हतं.

बारकीनं डोळा उचलला. ती पटावर चालत गेली आणि गाठीचं झाड तिनं बुंध्याशी धरून सावकाश मेणातून ओढलं, मूळ तुटू नये अशा बेतानं. मग शेजारचं. मग त्याच्या शेजारचं. एकेक झाड निघे तशी एकेक फट पडत गेली, आणि फटीतून मागच्या डोंगराची काळी माती दिसू लागली.

"अगं, मध्येच काय आलं ते?" ढोकबाबा पुटपुटले. "नीट दिसेना झालंय."

त्यांनी मान वर केली नाही. कातळाला डोळा तसाच टेकवून ते जरा बाजूला सरकले, जिथे झाडं अजून उभी होती तिकडे.