धुळीला दावं

"कुणीतरी आमच्या खिरीत माती कालवली आहे!"

रणधवल महाराजांनी चांदीची वाटी भिरकावली. पंगतीतून प्रधानजी घाईघाईने उठले. "महाराज, माझं ऐकाल तर त्या माळावर... आ... आक्‌छी!"

"बसा खाली! मार्तंडा, खीर तुझी. बोल!"

मार्तंड आचारी हात जोडून पुढे आला. "महाराज, धूळ आहे ती. वाऱ्यानं येते. पापड वाळत घातले की लाल, धोतर वाळत घातलं की लाल. गाईसुद्धा खोकतात हो!"

"धूळ म्हणजे काय मोकाट जनावर आहे? उद्या तिला दाव्याला बांधून दरबारात हजर कर. नाहीतर चंबूगबाळं आवर आणि राज्याबाहेर चालता हो!"

दाराआड मार्तंडाची लेक भिवरा दात-ओठ खात उभी होती. गेल्या वर्षी घोड्यांच्या शर्यतीसाठी गावचा हिरवागार माळ खरवडून कुणी उघडाबोडका केला, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण बोलणार कोण?

संध्याकाळी मार्तंड मुसमुसत कढई घासत होता. भिवरा घासणीसाठी मूठभर हरळीचं गवत उपटायला विहिरीमागे गेली. ओढते, ओढते, आणि धपकन उताणी! हातात हरळीचा गड्डा, मुळांना मातीचा गोळा. तिनं तो झटकला, आपटला. माती सुटेचना! भिवरा खदखदून हसायला लागली.

"अगं भिवरे, वेड लागलं का तुला?"

"बाबा, दावं सापडलं!"

सकाळी भर दरबारात तिनं तो गड्डा महाराजांपुढे ठेवला. "ही घ्या महाराज, बांधलेली धूळ. मारा फुंकर!"

महाराजांनी गाल फुगवून फुंकर मारली. मुकुट तिरका झाला, पण मातीचा कण हलला नाही.

"हे कसलं दावं?"

"हरळीची मुळं, महाराज! आता ही सुटी धूळ बघा. शर्यतीच्या मैदानावरून आणलीय." तिनं पदराची गाठ सोडून ओंजळ पुढे केली. "फुंका!"

महाराजांनी फुंकलं मात्र! प्रधानजींचं पागोटं लाल, भालदार लाल, महाराजांच्या पांढऱ्याशुभ्र मिशा लालेलाल! सगळा दरबार शिंकू लागला.

"थू, थू! पोरी, हिचं दावं सोडलं कुणी? नाव सांग!"

मार्तंडानं डोळे गच्च मिटून घेतले.

"नाव कसं घेऊ, महाराज? बाबांची चाकरी जाईल," भिवरा म्हणाली. "एवढंच सांगते, त्या माणसाला खीर फार आवडते!"

महाराजांनी मिशीवरून बोट फिरवलं, ते लाल बोट निरखलं, आणि असे गडगडून हसले की मुकुट घरंगळत मार्तंडाच्या पायाशी गेला!

"शर्यती बंद! माळावर पुन्हा गवत लावा! मार्तंडा, आज दुप्पट खीर. आणि हे घे, पोरी!" त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून भिवराच्या मनगटात घातलं.

तेवढ्यात प्रधानजी उठले. दोन बोटांनी नाक गच्च दाबून धरत ते गेंगाण्या आवाजात म्हणाले, "महाराज, वर्षभर मी दुसरं काय सांगत होतो?"