पुठ्ठ्याची पाकळी

वस्तू बोलत आणि माणसं ऐकत, त्या काळची गोष्ट. चिमाक्का वाल सोलत असताना निरोप आला, की लेकीला मुलगी झाली, बारसं बाराव्या दिवशी. तिने लगेच गोधडीसाठी आठ पाकळ्यांचं फूल करायला घेतलं. पाकळीचा पुठ्ठ्याचा साचा तिच्या नवऱ्याने, तो असताना, कापून दिला होता; त्यावरून कापलेली पहिली पाकळी तिने तेव्हापासून जपून ठेवली होती.

आठही पाकळ्या जोडल्या, तर फुलाच्या मधोमध भोक राहिलं.

"टाके ढिले पडले," पुठ्ठा म्हणाला.

"तुझी टोकं बघ आधी," सुई म्हणाली. "खडू फिरून फिरून झिजलीत."

"चुलीत घाल त्याला, अक्का," कात्री हसली आणि तिने पहिली पाकळी उसवली. पुठ्ठा त्या पाकळीवर जाऊन पडला. पाकळी त्याच्याहून गहूभर मोठी निघाली.

पुठ्ठा म्हणाला, "अक्का, मी नवा होतो तेव्हाची ही. हिच्यावरून दुसरा साचा काप."

"आणि तू रे?"

"मी बसतो बघत."

नव्या साच्याने फूल जुळलं. बारशाला नात त्याच्यावर पाय झाडत पडली. जुना पुठ्ठा चुलीत घालायचा तेवढा राहून गेला.