पाणखारच्या देवळाची चिणलेली दारं

या, इकडे सावलीत या. मी रेजिनाबाय. देवळातली फुलं मी बघते, म्हणून उद्याच्या ईस्टरसाठी हे मोगऱ्याचं सूप घेऊन बसलेय. तुम्ही बसा त्या कठड्यावर. मी ओवता ओवता सांगते, तोंड काय मोकळंच आहे.

त्या भिंतीकडे बघा. कमान दिसते ना? पलीकडच्या भिंतीलाही तशीच आहे. कमानी आहेत पण दारं नाहीत, दगड आणि चुना घालून चिणून टाकलीत. शहरातून शिकलेली माणसं येतात, टेप लावतात, फोटो काढतात आणि म्हणतात, भिंत खचत असेल म्हणून बुजवली असणार. भिंत कशाला खचतेय! आमच्या गावाला लाज वाटली म्हणून ती दारं चिणलीत. लाजेपायी दार बुजवलेलं दुसरं देऊळ कुठे पाहिलंत तर मला येऊन सांगा.

गोष्ट फार जुनी आहे. साल कुणाला ठाऊक नाही. माझ्या आजेसासूनं तिच्या आजेसासूकडून ऐकली होती, त्यावरून काय तो अंदाज बांधा. तेव्हा आमच्या पाणखार गावाच्या पलीकडे, खाडीकाठचं चिखलाचं खाजण ओलांडलं की मिठागरं होती आणि मिठागरात राबणाऱ्यांची वाडी होती. ती माणसं ख्रिस्ती नव्हती. त्यांच्या हातचं पाणी आमची माणसं घेत नसत, आणि आमच्या बावखलावर, म्हणजे ते मागचं गोड्या पाण्याचं तळं आहे ना, तिथे त्यांना घागर बुडवू देत नसत. गळ्यात क्रूस आला, पण जुनी खोड काही गेली नव्हती. खोटं कशाला बोलू?

त्या वाडीतली चिमी नावाची एक बाई गावात मीठ विकायला यायची. तिचा नवरा वारलेला, मूलबाळ नाही. मिठाची टोपली उतरवून ती देवळाच्या भिंतीशी दम खायला बसे आणि आतली गाणी ऐके. ऐकता ऐकता तिला ती पाठ झाली. एक दिवस नातालबायच्या मागल्या दारी मीठ मापताना ती सहज गुणगुणली, आणि नातालबाय चाट पडली.

नातालबाय म्हणजे गावातलं मोठं घर. केळीची बाग, पानवेली, दारात गाडी-बैल. बाई मनाची वाईट नव्हती, भाविक होती. तिनं चिमीला विचारलं, "तुला यातलं काही कळतं का गं?" चिमी म्हणाली, "कळत नाही बाय, पण ऐकलं की बरं वाटतं. तुमचा देव मेलेल्याला उठवतो म्हणतात. खरं का?"

तिथून सुरुवात झाली. ईस्टरआधीच्या उपवासकाळभर नातालबायनं तिला शिकवलं. हे आमच्या स्वर्गीय बापा, नमो मारिया, सगळ्या प्रार्थना. येशूला क्रूसावर कसं मारलं, थडग्यावरचा धोंडा कसा सरकला, आणि बायका पहाटे गेल्या तेव्हा त्यांना काय दिसलं, तेही सांगितलं. शिकवायची मनापासून हो. पण स्वतः ओटीवर बसायची आणि चिमीला खाली अंगणात बसवायची. ते कुणाला खटकलं नाही. नातालबायला नाही, गावाला नाही, आणि असं सांगतात की चिमीलाही नाही.

गावाला तर केवढा अभिमान! आपल्या नातालबायनं एक जीव देवाकडे आणला म्हणून जो तो मिरवत होता. शेजारच्या गावांत जाऊन सांगत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते यालाच म्हणतात.

ठरलं असं की ईस्टरच्या पहाटे चिमीचा बाप्तिस्मा करायचा आणि नातालबाय तिची धर्ममाता व्हायची. आमच्या देवळाची रीत होती. नव्या माणसानं पुढच्या दाराशी पायरीवर थांबायचं. धर्ममातेनं यायचं, त्याचा हात धरायचा आणि उंबरा ओलांडून आत न्यायचं. आणि दुपारी सणाच्या जेवणाला त्याला आपल्या शेजारी बसवून एकाच पानात जेवायचं. नातालबायनं चिमीला बजावून सांगितलं, "मी येईन. मी हात धरल्याशिवाय पाऊल आत टाकायचं नाही हं." चिमी म्हणाली, "नाही टाकणार."

जेवणाचं मात्र नातालबायच्या ध्यानात आलं ते आदल्या दिवशी. तिच्या मुलीची सोयरीक नुकतीच जुळली होती, व्याही सणाला जेवायला यायचे होते. त्यांच्यासमोर मिठागरातली बाई आपल्या पानात जेवणार? व्याही उठून गेले तर? मग तिनं मनाची समजूत घातली, की शेजारच्या बस्त्यावची बायको आहे, ती नेईल चिमीला आत. देवळात काय बायकांचा तोटा आहे?

बस्त्यावच्या बायकोला वाटलं, नातालबाय आहेच की. आणखी कुणाला वाटलं, आपण मध्ये तोंड घातलं तर दुपारी ती आपल्याच पानात यायची. अशी एकेक बाई मनातल्या मनात मागे सरली. कुणी कुणाशी बोललं नाही. बोलल्या असत्या तर निदान एकीला तरी लाज वाटली असती.

पहाटे चिमी आली. धुतलेलं लुगडं, केसांत तेल, पायाचा चिखल खाडीतच धुऊन आलेली. पुढच्या दाराशी पायरीवर उभी राहिली. आणि गावानं काय केलं ठाऊक आहे? ती पुढच्या दाराशी उभी, म्हणून सगळं गाव बाजूच्या दारांनी आत गेलं. अहो, म्हातारीकोतारीसुद्धा! नातालबाय डावीकडच्या दारानं गेली. जाताना तिनं एकदा चिमीकडे बघितलं, आणि पदर पुढे ओढून आत शिरली.

पाद्रीबाबांनी बाप्तिस्म्याच्या कुंडातलं पाणी आशीर्वादित केलं आणि विचारलं, "बाप्तिस्म्याला कोण आलंय? त्याला कोण घेऊन येतंय?" कुणी हललं नाही. सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. पाद्रीबाबा म्हातारे, नजर अधू. त्यांना वाटलं, बाई आलीच नसेल, भ्याली असेल. त्यांनी मिस्सा, म्हणजे सणाची उपासना, पुढे चालवली. गाव आल्लेलुया गायला लागलं, आणि बाहेर पायरीवर चिमीही गात होती म्हणे. सगळी गाणी पाठ होती ना तिला. मिस्सा संपली आणि गाव बाजूच्याच दारांनी बाहेर पडून सणाच्या जेवणाला गेलं. ऊन चढेपर्यंत ती पायरीवर होती.

मला ही गोष्ट इतक्यांदा सांगावी लागते, पण इथे आलं की अजून ओवणं बाजूला ठेवते मी. थांबा जरा, ते पाणी द्या इकडे.

हं. तर सणाच्या दुसऱ्या दिवशी एका तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होता. पाद्रीबाबांनी कुंडातलं पाणी त्याच्या कपाळावर ओतलं, ते डोळ्यांत गेलं आणि पोर असं किंचाळलं की काही विचारू नका. पाद्रीबाबांनी बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी खारट! पाणी भरणाऱ्याला बोलावून शिव्या घातल्या. कुंड रिकामं केलं, घासलं आणि बावखलातून नवं पाणी आणलं. बावखलावर चाखलं तर गोड, कुंडात ओतलं की खारट. पुन्हा ओतलं, पुन्हा तेच. तेव्हा म्हणे पाद्रीबाबा वेदीकडे पाठ करून गावाकडे वळले आणि त्यांनी विचारलं, "ती मिठागरातली बाई काल का आली नाही?"

मग नातालबाय उठली.

"आली होती, बाबा."

"मग कुठे होती?"

"पुढच्या दाराशी. आम्ही बाजूनं गेलो."

एवढंच बोलली. सगळ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाद्रीबाबा वेदीवरून उतरले, चपला काढल्या आणि खाजणाच्या वाटेला लागले. मागोमाग गाव निघालं.

मिठागरात चिमी मीठ ओढत होती. आमची माणसं बांधावर जाऊन उभी राहिली. देवाबद्दल एवढं शिकवणारी माणसं, आणि माफ कर म्हणायला जीभ उचलेना. शेवटी चिमीनंच हातातलं फावडं टाकलं.

"उन्हात का उभे? या, घरात या," ती म्हणाली.

घर कसलं, झावळ्यांचं खोपट ते. तिनं सगळ्यांना सावलीत बसवलं आणि करवंटीनं पाणी दिलं. घरात एकच घागर होती. आमच्या बावखलावर बंदी, म्हणून ते पाणी ती दोन गावं ओलांडून डोक्यावर आणत असे. हे तेव्हा पहिल्यांदा गावाच्या डोक्यात शिरलं. नातालबायनं करवंटी तोंडाला लावली आणि ती रडायला लागली.

"चल चिमी, आज मी हात धरून नेते," ती म्हणाली.

चिमी म्हणाली, "मला वाटलं होतं, गर्दीत तुम्ही विसरलात. विसरला असतात तर मी पुन्हा आले असते. पण तुम्ही बघितलंत माझ्याकडे, बाय. बघून गेलात. आता माझं मन उठलंय."

रागानं नाही बोलली म्हणे. तेच तर वाईट. चार शिव्या घातल्या असत्या तर गाव मोकळं झालं असतं.

वर्षभर कुंडातलं पाणी खारटच राहिलं. बाजूची दोन्ही दारं गावानं चिणून टाकली. पहिला दगड नातालबायनं स्वतःच्या डोक्यावरून आणला. मुलीची सोयरीक मोडली असंही सांगतात. कुणी म्हणतं, नाही मोडली. मला विचाराल तर मोडली असणार, इतकं सगळं फुकटात सुटत नसतं. बावखलाचं कुंपण काढलं. आणि नातालबाय मिठागरात जायला लागली. शिकवायला नाही हं. शिकवायचं तोंड कुठे उरलं होतं? नुसती जायची, चिमीबरोबर मीठ ओढायची, तिच्या खोपटात पेज प्यायची आणि परत यायची. देवाचं नाव तिनं एकदाही काढलं नाही.

पुढचा ईस्टर आला. पहाटे सगळं गाव देवळाशी जमलं, पण पुढच्या पायरीखालीच उभं राहिलं. दार उघडं, आत मेणबत्त्या लागलेल्या, पण आत जायचं धाडस कुणाला होईना. पाद्रीबाबाही खालीच. गाणं नाही, घंटा नाही.

खाजणापलीकडे दर सणाला आमची गाणी ऐकू जायची. त्या दिवशी ऐकू आली नाहीत, म्हणून चिमीला काळजी वाटली. गावात काही बरंवाईट तर झालं नाही ना, हे बघायला ती तशीच चिखलातून आली. बघते तर काय, देऊळ रिकामं आणि गाव बाहेर.

"अगं बाई! घर तुमचं आणि तुम्हीच बाहेर?"

नातालबाय खाली मान घालून म्हणाली, "आम्हाला आत जायचं तोंड नाही, चिमी. तू म्हणशील तर जाऊ."

मग चिमी चिखलाच्या पायांनी पायऱ्या चढली, उंबरा ओलांडला, आणि आतून वळून म्हणाली, "या. आत या."

कुणाचं पाऊल उचलेना. तेव्हा ती पुन्हा खाली उतरली, तिनं नातालबायचा हात धरला आणि तिला आत घेऊन गेली. मागोमाग गाव गेलं. त्याच दिवशी चिमीनं आपणहून मागून बाप्तिस्मा घेतला, आणि दुपारी नातालबायच्या ओटीवर दोघी एका पानात जेवल्या.

पाणी गोड झालं का? झालं म्हणतात, पण सगळं नाही. जाताना कुंडात बोट बुडवून जिभेला लावा, थोडी खारट चव लागेल. शिकलेले म्हणतात, खाडीचं पाणी झिरपत असेल. म्हणोत बापडे.

ती दारं आजही चिणलेलीच आहेत. मे महिन्यात आत नुसती भट्टी होते. दर नवे फादर म्हणतात, वाऱ्यासाठी एक तरी दार उघडू या. गाव कबूल होत नाही. घामाघूम होऊ, पण पळायला दार नको. आणि आजही ईस्टरच्या पहाटे आम्ही सगळे त्या पायरीखाली उभे असतो. मिठागरवाडीतलं कुणीतरी येतं, आत जातं आणि आम्हाला हाक मारतं. गेली काही वर्षं यमुना येते. ती ख्रिस्ती नाही, घरच्या देवाला हात जोडून येते. तिला तू आमच्यात ये असं कुणी म्हणत नाही. तिनं आम्हाला या म्हणावं एवढंच मागतो. दुपारी ती जेवते आमच्यातल्या कुणाच्या तरी पानात.

ती "या, आत या" म्हणते, तरी पहिल्या हाकेला कुणी हलत नाही. रीतच आहे ती, पण खरं सांगू, रीत नसती तरी हललो नसतो. मान वरच होत नाही. मग यमुना खाली उतरते आणि जो पुढे असेल त्याचा हात धरते. गेल्या साली माझा धरला. मिठानं चिरलेला, खरबरीत हात. जन्मापासून या देवळात येतेय मी, आणि उंबरा ओलांडताना लहान लेकरासारखी रडले.

उद्या पहाटे या तुम्ही. पण लवकर आलात म्हणून आत जाऊन बसू नका. आमच्याबरोबर बाहेर उभे राहा.