उणे दोन केळी

“...मग चूक कुठे आहे ते तरी सांगा, मॅडम.”

पिंजारी मॅडमनी उत्तरपत्रिका पुन्हा एकदा नाकाजवळ धरली. नयन वायकोळे टेबलासमोर उभा होता आणि बसायचं नाव घेत नव्हता.

सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पेपरात दहा गुणांचा एक प्रश्न होता. सुभद्राबाई नावाच्या एक उपभोक्ता, त्यांच्यापुढे चहा आणि केळी या दोन वस्तू, आणि ठरलेलं बजेट. सर्वाधिक समाधान मिळावं म्हणून त्यांनी कशाचं किती सेवन करावं, ते काढायचं. निम्म्या वर्गानं प्रश्नाला हातच लावला नव्हता. नयननं समवृत्ती वक्र काढला, बजेट रेषा काढली, पानभर गणित केलं आणि खाली दोन रेघा मारून उत्तर लिहिलं. चौदा कप चहा, उणे दोन केळी.

मॅडमनी दहापैकी दोन गुण दिले होते.

गुणांचं आपल्याला काही नाही, असं तो मित्रांना सांगत आला होता. साफ खोटं. दिल्लीच्या एका उन्हाळी अभ्यासवर्गासाठी विभागातून एकच नाव जाणार होतं. शिफारसपत्रावर मॅडमची सही हवी होती आणि मुदत आज पाचपर्यंत होती. पत्र टेबलावरच पडलं होतं, सहीवाचून.

पण खरं दुखणं त्याहून वेगळं. मॅडमवर त्याचा फार जीव होता. सावद्याच्या केळीच्या बागेतून उठून आलेल्या या पोराला, फळ्यावरच्या एका वाकड्या रेघेत माणसाची आवडनिवड मावते हे पहिल्यांदा त्यांनीच दाखवलं होतं. त्यांनीच असं करावं?

प्रत्येक पायरी बरोबर आहे, असं तो म्हणाला. आहे, असं मॅडमही म्हणाल्या. मग त्यांनी पिशवीतून एक केळं काढून त्याच्यापुढे ठेवलं.

“यातली उणे दोन खाऊन दाखव.”

नयन हसला. मॅडम हसल्या नाहीत.

“गणितात तसं येतं, मॅडम.”

“मग सुभद्राबाईंना जाऊन सांग तसं. जिन्यात असतील.”

...

सुभद्रामावशी विभागाच्या शिपाई. वीस वर्षं सगळ्यांना अकराचा आणि तीनचा चहा त्याच देत आल्या होत्या. पेपरातल्या सुभद्राबाई म्हणजे या, हे नयनच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पेपरातली माणसं खरी असतात, असं कोणाला वाटतं?

मावशी पायरीवर बसून कप पुसत होत्या. उणे दोनचं तोंडावर सांगायची त्याला लाज वाटली. म्हणून त्यानं विचारलं, की तुम्ही केळी किती खाता?

“मी केयं खात नाही, भाऊ.”

नयन दोन-दोन पायऱ्या गाळत वर आला. बजेट रेषा जिथे संपते त्या टोकाशीच उत्तर होतं. सगळा चहा, केळं एकही नाही. गणित त्याच्या पलीकडे जाऊ शकतं, माणूस नाही. त्यानं उभ्या उभ्या आकृती नव्यानं काढून दाखवली आणि मॅडमचा चेहरा खुलला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पत्र पुढ्यात ओढलं.

“का नाही खात?”

नयन गडबडला. ते काही त्यानं विचारलं नव्हतं. आणि विचारायचं नसतंच की. पहिल्याच तासाला मॅडमनी स्वतः सांगितलं होतं, आवड ही दिलेली असते, तिचं कारण विचारायचं नाही.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

“ते गणितात. जिन्यात नाही.”

...

या वेळी तो सावकाश उतरला. खानदेशात राहून केळं न खाणारं माणूस त्यानं आजवर पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं तेव्हा त्याला फक्त आपलं उत्तर दिसलं होतं. स्वतःचाच राग आला त्याला. तो मावशींच्या खालच्या पायरीवर बसला, त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि कप पुसू लागला. पुढे काय बोलणं झालं ते त्या दोघांनाच ठाऊक.

तो परत आला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. आज पहिल्यांदाच तो खुर्चीत बसला.

“विचारलंस?”

“हो.”

“मग?”

वर्गात प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारा हा पोरगा. तो आता आपल्या तळव्यांकडे बघत राहिला.

“ते मी नाही सांगू शकत, मॅडम. त्यांनी मला सांगितलंय.”

मॅडमनी पत्राकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

“मुदत आज आहे.”

“माहीत आहे.”

“तरी?”

“तरी...”

मॅडमनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. मग त्यांनी पत्रावर सही केली, तारीख घातली, कागद घडी न करता त्याच्या हातात दिला. नयनचे डोळे भरून आले. त्यांचेही काही फार कोरडे नव्हते.

“वीस वर्षं झाली, नयन,” त्या म्हणाल्या. “मला विचारायचा धीर झाला नाही.”