तळ्यात पडलेली झोप

एक होता राजा. एका संध्याकाळी त्याच्या तान्ह्या मुलाची झोप तळ्यात पडली. पडते बरं का, फार हलकी असते ती. बाळ रडायला लागलं ते थांबेचना.

तळ्यात एक हंसीण राहायची. ती म्हणाली, "काठाने गोल आठ कमळं आहेत. चांदण्याच्या दोऱ्यांनी त्यांच्या जोड्या बांधा. दोऱ्यावरून दोरा जाता कामा नये. अशा जितक्या तऱ्हा होतील तितक्या सगळ्या बांधा, एकही दोनदा नको. मग झोप वर येईल. पण चंद्राची कोर मावळली की झोप तळाशी जाईल, मग कुणाला मिळायची नाही."

मग राजाचे तीन काका पुढे आले. मान मोठा, दाढ्या त्याहून मोठ्या. पहिल्याने दोऱ्यावरून दोरा नेला. सगळे दोरे विरघळले. दुसऱ्याने बांधलेलीच तऱ्हा पुन्हा बांधली. तेही विरघळले. तिसऱ्याने थोड्या बांधल्या आणि हात झटकले. "झाल्या सगळ्या."

"कशावरून, आजोबा?" राजाची मुलगी कुंतला म्हणाली.

"मी म्हणतोय म्हणून."

तेही दोरे गेले. म्हातारी माणसं चुकतात त्याचं काही नाही, पण वर जागा अडवून बसतात. इकडे रडून रडून बाळाचा आवाज बसला होता.

"सरका," कुंतला म्हणाली.

"जीभ बघा पोरीची," काका म्हणाले. पण सरकले.

कुंतलाने एकच कमळ धरलं. याची जोडी कुणाशी? शेजारच्याशी बांधलं, तर उरतात सहा. सहांच्या तऱ्हा तिने पाण्यावर बोटाने काढून पाहिल्या. पाच झाल्या. एक सोडून पलीकडच्याशी बांधलं, तर मधलं बिचारं एकटं पडतं, त्याला दोरा ओलांडल्याशिवाय वाटच नाही. ते नको. दोन सोडून बांधलं, तर एका अंगाला दोन, दुसऱ्या अंगाला चार. दोघांची तऱ्हा एक, चौघांच्या दोन. म्हणजे दोन. अगदी समोरच्याशी बांधलं, तर दोन्ही अंगांना तीन-तीन, पुन्हा एकेक एकटं पडतं, तेही नको. मग दुसऱ्या बाजूने तसंच, आणखी दोन. आणि त्या बाजूचा शेजारी, पुन्हा पाच.

"चौदा," ती हळूच म्हणाली. "याला आणखी कुणी उरलंच नाही, तर पंधरावी येईल कुठून?"

मग ती बांधत गेली. एकेक नक्षी पाण्यात उतरायची आणि तळं जरासं उजळायचं. कोर झाडांना टेकली, तेव्हा चौदावी उतरली. सावरीच्या कापसासारखी झोप तरंगत वर आली. कुंतलाने ती ओंजळीत घेतली आणि बाळाच्या पापण्यांवर ठेवली. बाळाने एक जांभई दिली, आणि निजलं.

काका म्हणाले, "आम्हीच शिकवलं तिला."

म्हणू देत. ऐकायला जागं कोण होतं? राजा निजला, राणी निजली, कुंतला तिथेच काठावर निजली. पुढे ती सगळी सुखात राहिली.

आता पाय पांघरुणात घ्या. गोष्ट निजली, तुम्हीही निजा.